टेकन ३ पुन्हा काढा, पण त्याच्या टायमिंगला हात लावू नका

म्हापशाच्या एका कॉलेजातल्या मुलानं विचारलंय: टेकन या फायटिंग गेमचे, म्हणजे समोरासमोर मारामारीच्या गेमचे, जुने भाग, त्यातही टेकन ३ आणि पहिला टेकन टॅग, बांदाई नाम्को या कंपनीनं सुधारून पुन्हा बाजारात आणावेत का? त्याच्या गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, आणावेतच, आणि चित्र टेकन ८ सारखं झळझळीत करून आणावेत. दुसरा म्हणतो, नको, त्यामुळे टेकन ८ चे खेळाडू विभागले जातील आणि जुना गेम लोक चार दिवस खेळून सोडून देतील.

माझं उत्तर आहे, आणावेत. मात्र तुझ्या पहिल्या गटाला जे हवंय ते मला नकोय, आणि दुसऱ्या गटाची भीती मला अर्धीच पटते.

फोंड्यात मी कित्येक वर्षं गेम पार्लर चालवलं. आता पार्लर नाही, पण आसपास कुठं फायटिंग गेमची छोटी स्पर्धा असली की टीव्ही-कन्सोल मांडण्यापासून ब्रॅकेट, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी याचा तक्ता, लावण्यापर्यंतचं काम बहुधा माझ्याकडे येतं. पॅड आणि आर्केड स्टिकही दुरुस्तीला येतात. हे सगळं करताना माझं एक मत पक्कं झालंय. फायटिंग गेम म्हणजे त्याचं टायमिंग. कपडे, पार्श्वभूमी, मेनू, संगीत, काहीही बदला, टायमिंग राहिलं तर गेम तोच राहतो. टायमिंग सरकलं की नाव तेच राहतं आणि खेळ दुसरा होतो. भजनात ठेका हलला की रोज म्हटलेला अभंगही तोंडात बसत नाही, तसं होतं ते.

टेकन सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, या वेगानं चालतो. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. आजच्या टेकनमधला जलद साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो. समोरच्याची मूव्ह तू अडवलीस आणि तो १० फ्रेम मागे पडला, तर हा ठोसा त्याला हमखास बसतो. तोच ९ फ्रेम मागे असेल तर तो सावरतो आणि ब्लॉक करतो. अख्खा डाव अशा एकेका फ्रेमवर उभा असतो. टेकन ३ मध्ये हे आकडे वेगळे आहेत, चाल वेगळी आहे, साइडस्टेपची, म्हणजे बाजूला सरकण्याची, लय वेगळी आहे, आणि आपल्याला परत हवंय ते नेमकं हेच वेगळेपण.

टायमिंग फक्त गेमच्या आत असतं असंही नाही. एका स्पर्धेत एक मुलगा सारखा खालच्या लाथा खात होता. पॅडचं खालचं बटण लागत नाही, अशी त्याची तक्रार. मी पॅड उघडला. आपल्याकडच्या दमट हवेत आतल्या पट्टीवर हिरवट थर चढतो आणि बटणं मरतात, म्हणून आधी तेच पाहिलं. पट्टी स्वच्छ होती, रबरही ठीक होतं. मग टीव्हीच्या मेनूत गेलो तर गेम मोड बंद. टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात ते काही फ्रेम उशिरा दाखवत होता. गेम मोड लावला आणि पुढच्याच राउंडला त्याच लाथा तो बसून अडवायला लागला. २५-३० फ्रेमची हळू लाथ डोळ्यांनी पाहून अडवता येते. पण माणसाला प्रतिक्रिया द्यायलाच बारा ते पंधरा फ्रेम लागतात. त्यात टीव्हीचे सहा आणि नेटचे चार मिळाले की पाहून अडवणं संपतं, मग उरतो तो अंदाज.

पार्लरमधले जुने डब्बा टीव्ही या बाबतीत राजे होते, त्यांच्यात उशीर जवळपास नव्हताच. त्यांचा त्रास वेगळा होता. आपले टीव्ही पाल पद्धतीचे आणि बाजारातल्या बऱ्याचशा कॉपी सीडी अमेरिकन एनटीएससीच्या, त्यामुळे कित्येक घरांत टेकन ३ कृष्णधवल दिसायचा. पोरं तसाच खेळायची. रंग नव्हते म्हणून कुणी पार्लरमधून उठून गेलं नाही, कारण हाताला तो गेम बरोबर लागत होता.

आता याच्या नेमकं उलट काय घडलं ते बघ. डिसेंबर २०१८ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन क्लासिक नावाचा छोटा डब्बा काढला, २० गेम आत भरून. त्यात टेकन ३ होता. पण त्यांनी घेतली युरोपची पाल आवृत्ती, ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांची. घराघरांत ६० हर्ट्झवर चालणारे सपाट टीव्ही आलेले असताना! चित्र स्वच्छ, रंग पूर्ण, आणि हात मात्र बसेना. पुन्हा काढलेला गेम कसा नसावा याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात ठळक उदाहरण, आणि ते नेमकं टेकन ३ च्याच वाट्याला आलं.

चित्र सुधारण्याबद्दलही एक जुना अनुभव आहे, तो सगळ्या फायटिंग गेमवाल्यांना ठाऊक असायला हवा. १९९४ चा सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो कॅपकॉम कंपनीनं २००८ मध्ये एचडी रीमिक्स म्हणून आणला. प्रत्येक पात्र नव्यानं रेखाटलं. पण हालचालींच्या फ्रेम जुन्याइतक्याच ठेवणं भाग होतं, नाहीतर टायमिंग गेलं असतं. त्यामुळे चित्रं बारकाव्याची झाली आणि हालचाल अडखळती दिसायला लागली. लहान ठोकळ्यांच्या चित्रात जे खपून जात होतं ते मोठ्या चित्रात उघडं पडलं. त्यातच काही अवघड मूव्ह सोप्या केल्या, पात्रांच्या ताकदीचा समतोल बदलला. काही काळ स्पर्धा त्यावर झाल्या. पुढे खेळाडू मूळ सुपर टर्बोकडेच परतले आणि आजही ते तोच खेळतात. समतोल बदलणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि बदलही विचारपूर्वक केलेले होते, पण लोकांना आधीच हात बसलेला गेम हवा होता.

म्हणून तुझ्या पहिल्या गटाला माझं सांगणं: टेकन ३ चं रिझोल्यूशन वाढवा, कडा स्वच्छ करा, तेवढं पुरे. टेकन ८ च्या इंजिनात एडी आणि ह्वोआरांग ही पात्रं नव्यानं घडवायला गेलात तर तो चांगला गेम होईलही, पण तो टेकन ३ होणार नाही. एडी तर टेकन ८ मध्ये २०२४ पासून आहेच, खेळून बघ. टेकन ३ मधला एडी, ज्याच्या लाथा डोळे मिटून दाबणारा नवशिकाही सराईताला घाम फोडायचा, तो तिथं नाही.

मग पैसा कुठं घालायचा? नेटकोडमध्ये, म्हणजे दूरच्या दोन खेळाडूंना नेटवर जोडणाऱ्या भागात. इथं मी जरा थांबतो, कारण खरा फरक इथंच पडतो.

जुन्या पद्धतीत, म्हणजे डिले नेटकोडमध्ये, दोघांची बटणं दोन्हीकडे पोचेपर्यंत गेम थांबतो. समज तुझा पिंग, म्हणजे निरोप जाऊन यायचा वेळ, १०० मिलिसेकंद आहे. एका बाजूचा प्रवास ५० मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम. तू बटण दाबलंस की ते तीन फ्रेम उशिरा लागणार. हे तीन कायम तीनच राहिले असते तर हातानं जुळवून घेतलं असतं. पण वायफाय आहे, घरात कुणी व्हिडिओ पाहतंय, बाहेर पाऊस झोडपतोय. तीनाचे सात होतात, परत चार होतात. लय नावाची गोष्टच राहत नाही.

दुसरी पद्धत रोलबॅकची. तीत तुझं बटण लगेच, किंवा ठरलेल्या एक-दोन फ्रेमनंतर लागतं. समोरच्याचं बटण अजून पोचलेलं नसतं, तेव्हा गेम धरून चालतो की त्यानं मघाशी जे दाबलं होतं तेच अजून दाबलेलं आहे. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण सेकंदाला ६० फ्रेम असल्या तरी माणूस त्यातल्या मोजक्याच फ्रेमना बटण बदलतो. अंदाज चुकला तर गेम साठवलेल्या मागच्या स्थितीला जातो, खरं बटण घालून मधल्या फ्रेम पुन्हा मोजतो आणि आत्ताच्या क्षणाला येऊन पोचतो. हे सगळं एका फ्रेमच्या वेळात. प्रोग्रामर टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरनं ही पद्धत फायटिंग गेममध्ये रुजवली, आणि २०१९ मध्ये त्यांनी तिचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे हे तंत्र आज कुणाच्या तिजोरीत अडकलेलं नाही.

टेकन ३ ला हे जमेल का, असा प्रश्न येतो. हिशोब कर. मूळ प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी, चित्राची १ एमबी, आवाजाची ५१२ केबी. सगळी स्थिती साठवायची म्हटली तरी साडेतीन एमबीच्या आसपास. टेकन ३ ज्या सिस्टिम १२ आर्केड बोर्डवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रातल्या बोर्डवर, १९९७ मध्ये आला तो बोर्डही प्लेस्टेशनच्याच घडणीवर बेतलेला, थोडा वेगवान. सात फ्रेम मागे जायचं तर एका फ्रेमच्या वेळात आठ फ्रेम चालवाव्या लागतील, आणि मधल्या सात चित्र म्हणून काढायच्याही नाहीत, नुसत्या मोजायच्या. आजच्या साध्या लॅपटॉपला हे झेपतं. आवाज दोनदा वाजू न देणं हे त्यातलं किचकट काम, पण तेही इतरांनी सोडवलेलं आहे.

यामुळे काय घडतं त्याची उदाहरणं आहेत. सेगानं व्हर्च्युआ फायटर ५ जून २०२१ मध्ये अल्टिमेट शोडाऊन म्हणून काढला. चित्र नव्यानं केलं, दिसायला देखणा झाला, पण नेटकोड जुन्याच डिले पद्धतीचा. जवळच्याशी खेळलास तर ठीक, दूरच्याशी चिखल. मग जानेवारी २०२५ मध्ये तोच गेम रेव्हो नावानं पीसीवर आणला, रोलबॅक घालून. एकच गेम साडेतीन वर्षांत दुसऱ्यांदा दुरुस्त करायची वेळ आली, कारण पहिल्यांदा पैसा चित्रात गेला. उलट गिल्टी गिअरचा अ‍ॅक्सेंट कोअर प्लस आर हा जुना गेम. २०२० च्या अखेरीस त्याला स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात रोलबॅक दिला, चित्राला हातही लावला नाही, आणि तो पुन्हा भरभरून खेळला जाऊ लागला.

आपल्या गोव्यासाठी याचं मोल आणखी आहे. इथल्या किती घरांत कुणी ना कुणी दुबईला, बहरीनला, कुवेतला आहे! गोवा ते दुबई हवाई अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ केबल असती तरी जाऊन-येऊन २० मिलिसेकंद. प्रत्यक्षात वाट फिरून जाते, मधे यंत्रं येतात, आकडा कितीतरी वर चढतो. डिले पद्धतीत हा सामना खेळण्यासारखा राहत नाही. रोलबॅकमध्ये राहतो. लहानपणी ज्या चुलतभावाबरोबर एकाच टीव्हीसमोर खेळलास तो आज दुबईत असेल तर टेकन ३ कोणत्या नेटकोडवर येतो यावर त्याच्याशी पुन्हा खेळता येणार की नाही हे ठरतं.

आता दुसऱ्या गटाची भीती. जुना गेम आला तर नव्याचे खेळाडू कमी होतील? कॅपकॉमनं २०१८ मध्ये बारा जुन्या स्ट्रीट फायटरचा संच काढला तेव्हा स्ट्रीट फायटर ५ चालू होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉमचा संच काढला तेव्हा स्ट्रीट फायटर ६ जोरात होता. दोन्ही शेजारी शेजारी नांदले. टेकन ८ बद्दल बोलायचं तर एप्रिल २०२५ मधल्या दुसऱ्या सीझनच्या बदलांवर खेळाडू इतके चिडले होते की स्टीमवर नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पडला. ती नाराजी टेकन ३ मुळे आली नव्हती. शिवाय टेकन ८ ला पीसीवर १०० जीबी जागा आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. फोंडा-डिचोलीच्या कॉलेजांतली बहुतेक पोरं अभ्यासाला घेतलेल्या लॅपटॉपवर खेळतात, त्यावर टेकन ८ सुरूच होत नाही. एका सीडीत मावलेला टेकन ३ कुठंही चालेल. म्हणजे तो टेकन ८ चे खेळाडू नेणार नाही, टेकन ८ पर्यंत जे पोचूच शकत नाहीत त्यांना मालिकेत आणील.

पण चार दिवसांत ओस पडण्याची भीती खरी आहे. डार्कस्टॉकर्स रिझरेक्शन, म्हणजे कॅपकॉमनं पुन्हा काढलेले जुने डार्कस्टॉकर्स फायटिंग गेम, हे त्याचं उदाहरण. २०१३ मध्ये आला, जीजीपीओ होता, ट्रेनिंग होतं, काम मन लावून केलेलं होतं, तरी अपेक्षेइतका खपला नाही. चांगला नेटकोड आवश्यक आहे, तेवढ्यानं भागत नाही. समोर माणूस हवा. पुढे २०२२ मध्ये कॅपकॉमनं डार्कस्टॉकर्सचे सगळे भाग दहा गेमच्या एका संचात घातले, आणि मला ती रीत जास्त शहाणपणाची वाटते: एक खरेदी, एकच दार, आत बरेच गेम. टेकन १, २, ३ आणि टॅग एकत्र द्यावेत. आणि ऑनलाइन सगळ्यांना द्यावं. २०१८ च्या त्या स्ट्रीट फायटर संचात बारापैकी चारच गेम ऑनलाइन होते, बाकीचे आठ संग्रहालयातल्या कपाटासारखे राहिले.

अडचणींपैकी एक मात्र कुठल्याही तंत्रानं सुटणारी नाही, ती म्हणजे गॉन. तो छोटा डायनोसॉर मासाशी तानाका यांच्या जपानी चित्रकथेतला पाहुणा, नाम्कोचा स्वतःचा नव्हे. तो आणि डॉक्टर बॉस्कोनोविच फक्त १९९८ च्या घरच्या आवृत्तीत होते, टेकन बॉल आणि टेकन फोर्स हे जादा खेळप्रकारही तिथलेच. २००५ मध्ये टेकन ५ च्या पोटात टेकन ३ दिला होता तो आर्केडचा, त्यामुळे यातलं काहीच नव्हतं. आपल्या पार्लरांत वाढलेल्या कुणालाही तो अर्धा वाटला असणार. सोलकॅलिबर २ चं २०१३ मध्ये एचडी झालं तेव्हाही त्याच्या मूळ आवृत्तीतला पाहुणा, निन्टेंडोचा लिंक, आला नाही. मला गॉन हवाय, पण त्याच्या हक्कांसाठी गेम अडवून धरू नये. घरची आवृत्ती गॉन वगळून द्या, पण टेकन बॉल ठेवा. घरी जमलेल्या पोरांत सगळ्यात जास्त आरडाओरडा त्यावरच व्हायचा.

आणि ही घरची बाब लहान नाही. चवथीला मूळ घरी सगळी भावंडं जमतात, आरत्या झाल्या की रात्री कुणीतरी कन्सोल लावतं. गावातलं नेट त्या दिवसांत भरवशाचं नसतं, पावसात तर नसतंच. अशा वेळी गेम खातं उघडायला सांगू लागला, सर्व्हर सापडत नाही म्हणून मेनूतच अडला, तर त्याचा उपयोग काय? दोन पॅड लावले की दोघं खेळायला लागले पाहिजेत.

असा संच खरंच बाजारात आला तर विकत घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी तपास. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि चौदा दिवस उलटले नसतील तर पैसे परत मिळतात, तेवढ्या वेळात हे होतं. आधी नेट बंद करून गेम सुरू कर, दोन पॅडवर एक सामना खेळ. मग ६० हर्ट्झच आहे ना ते सेटिंगमध्ये बघ, आणि टीव्ही असेल तर गेम मोड लाव. मूळ समतोल आणि सुधारलेला समतोल असे दोन पर्याय असतील तर मूळ आवृत्तीला ऑनलाइन सामने मिळतात का ते तपास. पुष्कळदा ती फक्त नावाला ठेवलेली असते. शेवटी राउटरला केबल लावून दूरच्या कुणाशी तरी खेळ, शेजारच्या मित्राशी नको. पात्रं मधूनमधून एखादी फ्रेम उडी मारताना दिसली आणि तुझी बटणं मात्र वेळेवर लागत राहिली, तर आत रोलबॅक आहे असं समज. सगळा गेमच हळू होऊन पुन्हा धावायला लागला तर पैसे परत माग, आणि कारणाच्या रकान्यात नेटकोड असंच लिही, कारण पुढच्या संचाचा खर्च कुठं करायचा हे ठरवणाऱ्या लोकांपर्यंत तेवढीच ओळ पोचते.